वाचा परत आणणाऱ्यांची उमेदवारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आजाराविषयी बोलावे हे रूढीस धरून नाही, याची आम्हांस जाणीव आहे. कार्यवाहांनी निमंत्रण दिले तेव्हा त्यांच्या मनात बृहन्महाराष्ट्रातील मराठी भाषेविषयीचा काही विषय होता. आम्ही तो थोडासा वळवून मागितला आणि त्यांनी उदार मनाने वळवू दिला. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे जे जपले ते शेवटी काय आहे? गणेशोत्सवातले नाटक, संक्रांतीचे हळदीकुंकू, कोजागिरीचे दूध ही सारी निमित्ते होत. त्या निमित्ताने परमुलखात चार माणसांशी आपल्या भाषेत बोलावयास मिळते, हे खरे कारण. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे त्यांची भाषा मुलूख बदलल्यामुळे गेलेली नाही. मेंदूतील एक रक्तवाहिनी बंद पडली आणि एका सकाळी ती गेली. ती परत आणण्याचे काम ज्या वाचोपचारतज्ज्ञांकडे येते, त्यांना आपण त्या कामासाठी कितपत तयार करतो, हा आमचा विषय आहे.

प्रारंभी एक उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, आणि ओळख पटू नये इतके तपशीलही बदलले आहेत. एक गृहस्थ, मूळचे वर्ध्याकडचे, येथील रेल मिलमध्ये तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. कारखान्यात हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि घरात वऱ्हाडी, असा त्यांचा तीन भाषांचा प्रपंच. पक्षाघाताचा झटका आला, उजवे अंग लुळे पडले आणि तोंडात एकच शब्द उरला : 'बरं बरं'. चहा हवा का? बरं बरं. पंखा बंद करू का? बरं बरं. या कागदावर अंगठा देता का? बरं बरं. मुलांची समजूत अशी झाली की, वडिलांना सारे कळते आणि सारे मान्य आहे. पत्नीला मात्र त्या दोन शब्दांतला सूर कळत होता. एकदा तो 'हो' असे, एकदा 'नको', आणि कधीकधी 'मला एकटे सोडा' असा.

त्यांना बाहेरगावी एका रुग्णालयात नेले. तेथे नुकतीच पदवी घेऊन आलेल्या एका मुलीने त्यांची तपासणी केली. अर्जावर 'नोकरी : भिलाई' असे होते, म्हणून तपासणी हिंदीत झाली. चित्रे दाखविली, नावे विचारली; एकही आले नाही. अहवालात लिहिले गेले की दोष तीव्र स्वरूपाचा असून सुधारणेची आशा थोडी आहे. घरच्यांनी तो कागद कपाटात ठेवला आणि उपचारही त्याच्याबरोबर कपाटात गेला. तीन महिन्यांनी वर्ध्याहून त्यांची धाकटी बहीण आली. तिने पिठले केले, आणि पहिला घास घेताच हे गृहस्थ स्पष्ट म्हणाले, "मीठच नाई टाकलं वं तुनं!" सारे घर हसले. ते स्वतः मात्र रडू लागले.

हा चमत्कार होता असे कोणी समजू नये. भावनेच्या भरात उसळून आलेले वाक्य मागणी केल्यावर पुन्हा येतेच असे नाही. त्यांनाही ते पुन्हा म्हणता आले नाही. परंतु आत भाषा आहे आणि ती कोणत्या दाराने बाहेर येऊ पाहते आहे, याची खूण त्या एका वाक्याने दिली. ती खूण हिंदीतील चित्रांच्या तपासणीत कशी मिळणार? त्या मुलीला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. ती आळशी नव्हती, निर्दयही नव्हती. तिच्या शेजारी बसून "थांब, घरात काय बोलतात ते आधी विचार" असे सांगणारे अनुभवी माणूस तेथे नव्हते, इतकेच.

या विकाराला वाचाघात म्हणतात. वाचाघात म्हणजे जीभ जड होणे नव्हे. जीभ, ओठ, टाळू यांचे स्नायू दुबळे झाले तर उच्चार बोबडे होतात, पण तो माणूस लिहून दाखवू शकतो. वाचाघातात भाषेचीच घडण बिघडते. बोलणे, ऐकून समजणे, वाचणे, लिहिणे या चारही वाटांवर कमीअधिक पडझड होते. पक्षाघाताच्या साधारण तीन रुग्णांपैकी एकास हा त्रास होतो. बुद्धी, ओळख, मानापमानाची जाणीव बहुधा शाबूत असते, आणि दुःखाचे मूळ तेथेच आहे.

१८६१ साली पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे लबोर्न्य नावाचा रुग्ण आला. एकवीस वर्षे त्या रुग्णालयात राहिलेला हा माणूस 'तान' या एकाच अक्षरावर सारा व्यवहार चालवीत असे, म्हणून त्याचे नावच 'तान' पडले होते. आमच्या 'बरं बरं'चा हा फ्रेंच थोरला भाऊ म्हणावयाचा. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या अर्धगोलाच्या पुढील भागात इजा आढळली. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या सव्वीस वर्षांच्या जर्मन तरुणाने दुसऱ्या प्रकाराचे वर्णन केले. त्यात रुग्ण अस्खलित बोलतो, पण बोलण्यात अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही. अशा रुग्णाला घरचे लोक हमखास वेडा ठरवितात. ब्रोकाच्या रुग्णाची निदान कीव तरी होते; वेर्निकेच्या रुग्णाच्या वाट्याला तीही येत नाही.

आता भिलाईला अगदी जवळचा असा प्रश्न पाहू. ज्याला तीन भाषा येतात त्याची कोणती भाषा आधी परत येते? १८८१ साली रिबो या फ्रेंच विद्वानाने मत मांडले की, जे जुने ते टिकाऊ. तेव्हा बाळपणीची भाषा आधी परतावी. १८९५ साली बोर्दोच्या पित्र याने ते खोडले. त्याच्या मते आजाराच्या वेळी जी भाषा सर्वांत अधिक वापरात होती ती आधी येते. रिबोचे मानले तर आमच्या गृहस्थांची वऱ्हाडी आधी यावी. पित्रचे मानले तर रेल मिलमधली हिंदी यावी. पण ते निवृत्त होऊन दहा वर्षे झाली होती, मग काय? पुढे माँट्रियलच्या मिशेल पारादी यांनी जगभरचे वृत्तान्त गोळा करून १९७७ मध्ये दाखवून दिले की, बहुतेकांच्या सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात, परंतु काहींच्या सुधारत नाहीत. कोणाची एक येते व दुसरी येत नाही, कोणाची एक येताच आधी आलेली मागे हटते. आधीपासून भाकीत करता येईल असा नियम हाती लागत नाही. म्हणून ज्या ज्या भाषेत माणूस जगला त्या प्रत्येकीत त्याला तपासावे लागते. याच हेतूने त्यांची द्विभाषिकांसाठीची चाचणी १९८७ मध्ये ग्रंथरूपाने आली, आणि तीत माणसाने कोणती भाषा कोठे, कोणाशी, कधी वापरली याचीच सविस्तर प्रश्नावली आहे.

चाचणी भाषांतरित केली की काम झाले, असेही नव्हे. इंग्रजी चाचण्यांत रुग्णाकडून 'नो इफ्स, अँड्स ऑर बट्स' हे शब्द म्हणवून घेतात. त्यात सगळी बारीक, स्वतंत्र अर्थ नसलेली अव्यये आहेत, म्हणून ती जिभेला व मेंदूला अवघड. त्याचे मराठी भाषांतर करून काहीच साधत नाही. आपली अडचण अव्ययांत नसून प्रत्ययांत आहे. चहा आला, भाजी आली, दूध आले : तीन लिंगांची ही तीन रूपे सांभाळताना मराठी वाचाघाती माणूस जेथे अडखळतो तेथे इंग्रज अडखळूच शकत नाही. आणि याहून नाजूक गोष्ट पुढेच आहे. नागपूरकडचा किंवा येथे वाढलेला माणूस सहज म्हणतो, "मी जाऊन राहिलो", "तो करून राहिला". हिंदीच्या सहवासात एखादा "दूध आला" असेही म्हणतो. पुण्यात शिकलेली वाचोपचारतज्ज्ञ येथे आली तर ती यावर लाल खूण करील आणि व्याकरणदोष म्हणून नोंद घेईल. वास्तविक तो दोष आजाराचा नसून त्या माणसाच्या आयुष्याचा भाग आहे. "आजारापूर्वी हे कसे बोलत असत?" हा प्रश्न पत्नीला विचारल्याविना पेन्सिल उचलू नये, हे कोणत्याही पुस्तकाच्या पानावरून अंगी बाणत नाही.

येथे भिलाईशी दुरून नाते सांगणारी एक हकिगत आठवते. आपल्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी १९५५ च्या फेब्रुवारीत झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, हे येथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याच सोव्हिएत संघात, उरल पर्वताच्या ज्या चेल्याबिन्स्क भागात मॅग्निटोगोर्स्कचा प्रचंड पोलाद कारखाना आहे, तेथेच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अलेक्झांडर लूरिया हे मानसशास्त्रज्ञ व वैद्य डोक्यात गोळी लागलेल्या सैनिकांसाठी रुग्णालय चालवीत होते. प्रौढ माणसाच्या मेंदूला इजा झाल्यावर भाषा पुन्हा कशी उभी करावी, या शास्त्राचा मोठा पाया अशा युद्धकालीन रुग्णालयांत घातला गेला. लूरियांचा झासेत्स्की नावाचा एक रुग्ण होता. १९४३ साली स्मोलेन्स्कच्या लढाईत त्याच्या डोक्याला गोळी लागली. त्याला अक्षरे आठवत ना, ती कशी काढावीत हे उमजे. एके दिवशी त्याला सांगण्यात आले की अक्षरांचा विचार न करता, हात न उचलता, शब्द एका दमात लिहून टाक. आणि शब्द उमटला! हाताची जुनी सवय शाबूत होती. पुढे पंचवीस वर्षे तो रोज थोडेथोडे लिहीत राहिला. स्वतः लिहिलेले वाचणे त्याला महाकष्टाचे होते, तरी त्या लेखनाची पाने तीन हजारांच्या घरात गेली. लूरियांनी त्यावर लिहिलेले पुस्तक सर्वांनी वाचण्याजोगे आहे. जी वाट बंद पडली तिच्यावर धडका देत न बसता शाबूत असलेली दुसरी वाट शोधणे, ही या विद्येची मूळ पद्धत तेथे दिसते. ती पद्धत मात्र रुग्णाच्या शेजारी बसूनच शिकता येते.

आपल्याकडे या विद्येचे शिक्षण १९६० नंतरच्या दशकात रुजले. मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत अभ्यासक्रम सुरू झाले. १९८३ मध्ये मुंबईत अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला नोंदणीचे अधिकार मिळाले. पदवीला चार वर्षे लागतात, त्यांतले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. त्यावर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. हे शिक्षण चांगले आहे, आणि ज्यांनी ते अपुऱ्या साधनांत उभे केले त्यांच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. पण त्या एका वर्षात विद्यार्थ्याने काय काय करावे? जन्मतः बहिरी मुले, श्रवणयंत्रे, तोतरेपणा, दुभंगलेली टाळू, मतिमंदत्व, घशाचे विकार. या गर्दीत पक्षाघाताचा प्रौढ रुग्ण कितीसा वाट्याला येणार? एखादीला पाच मिळतात, एखादीला एकही मिळत नाही. परीक्षा उत्तीर्ण झाली आणि नोंदवहीत नाव चढले की दुसऱ्या दिवशी ती अतिदक्षता विभागाच्या दारात एकटी उभी असते.

अमेरिकेत पदव्युत्तर पदवीनंतर आणखी एक पायरी असते, तिला क्लिनिकल फेलोशिप म्हणतात. आठवड्याला ३५ तास धरून ३६ आठवडे, म्हणजे १२६० तास, नवशिक्याने अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करावयाचे. त्यांतला चार पंचमांश वेळ प्रत्यक्ष रुग्णकार्याचा. मार्गदर्शकाने निदान १८ तास त्याचे काम स्वतः पाहावयाचे, आणि तितकाच वेळ कागदपत्रे, चर्चा, इतरांची मते यांवरून त्याची पारख करावयाची. ते झाल्यावरच तेथील व्यावसायिक संघटनेचे प्रमाणपत्र मिळते. आपल्याकडे अशी सक्तीची पायरी नाही. २०२१ साली आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आहे. त्यातून पुढेमागे काही निघेल तर आनंदच आहे. अमेरिकेची व्यवस्था जशीच्या तशी उचलावी असेही आम्ही म्हणत नाही. तेथेही फॉर्म भरण्याचा सोस दांडगा आहे, आणि अठरा तास पाहणे म्हणजे काही फार पाहणे नव्हे. तथापि विचार योग्य आहे.

आणि भिलाईकरांना तो नवा का वाटावा? अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी कोणी झोतभट्टी दिली होती का? या सभागृहात बसलेल्या ज्येष्ठांपैकी कित्येकांचे वडील सोव्हिएत तज्ज्ञांच्या मागे वही घेऊन फिरले. काहीजण त्या देशातल्या कारखान्यांत जाऊन शिकून आले. आजही नवा पदवीधर आधी 'ट्रेनी' असतो. आपल्या भाषेत याला एक सुंदर जुना शब्द आहे, उमेदवारी. सोनाराकडे, छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत उमेदवारी केल्याविना कोणी पुढे जात नसे. वितळलेल्या लोखंडाच्या बाबतीत आपण जी सावधगिरी बाळगतो ती माणसाच्या मेंदूच्या बाबतीत बाळगू नये, हे आम्हांस विचित्र वाटते.

असे आम्ही का म्हणतो, यामागे आमच्या स्वतःच्या पहिल्या वर्षातली एक घटना आहे. ती सांगणे सोपे नाही. रुग्णालय कोणते, शहर कोणते, याला महत्त्व नाही. पक्षाघाताच्या एका वृद्ध रुग्णाला तोंडाने पाणी देता येईल का, हे पाहण्यास आम्हांला बोलाविले गेले. वाचोपचारतज्ज्ञाचा गिळण्याशी काय संबंध, असे काहींना वाटेल. परंतु बोलणे आणि गिळणे यांचे स्नायू बहुतांशी एकच आहेत, आणि तेही आमच्याच कामाचा भाग आहे. आम्ही चमच्याने पाणी दिले. ठसका आला नाही. आणखी दिले. ठसका नाही. आम्ही निर्धास्तपणे 'हरकत नाही' असा शेरा लिहिला. घशाची संवेदना गेली असेल तर पाणी श्वासनलिकेत उतरूनही ठसका येत नाही, हे आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळविले होते! गिळल्यानंतर आवाज ओलसर, घरघरता होतो का ते ऐकावे, श्वास वाढतो का पाहावे, शंका आली तर बेरियम मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणाखाली गिळणे तपासून घ्यावे, हे सारे पुस्तकात होते. त्या दिवशी त्यांचा आवाज ओलसर झाला होता, असे आता आठवल्यावर वाटते. तेव्हा कान तयार नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांना न्यूमोनिया झाला. पुढे महिनाभराने ते बरे होऊन घरी गेले, ही त्यांच्या आणि आमच्या नशिबाची गोष्ट. आमच्या शेऱ्याबद्दल आम्हांस कोणीही जाब विचारला नाही. जाब विचारणारे कोणी नसणे हीच त्या पहिल्या वर्षातील सर्वांत मोठी उणीव होती.

ओघात सर्वांसाठी सांगून ठेवतो : झटका आलेल्या माणसाला आडवे असताना मायेपोटी चहा, गंगाजल किंवा नारळपाणी पाजू नये. पातळ पदार्थ गिळण्यास सोपा ही समजूत चुकीची आहे. घशाला तोच आवरण्यास सर्वांत कठीण जातो. आणि बोलणे एकाएकी अडखळले, तोंड वाकडे झाले, हात खाली पडू लागला, तर सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे. रक्ताची गाठ विरघळविण्याचे औषध सहसा लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

त्या घटनेनंतर आम्ही खटपट करून दुसऱ्या एका ठिकाणी एका ज्येष्ठ बाईंच्या हाताखाली वर्षभर राहिलो. कागदोपत्री त्या वर्षाला काही नाव नव्हते. बाईंनी पहिल्या दिवशी आमचे तोंड बंद करविले. रुग्णाला प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजावयाचे आणि तोवर एक अक्षर बोलावयाचे नाही. करून पाहा, चौथ्या आकड्यालाच जीव कासावीस होतो. आपण ती शांतता सहन न होऊन शब्द पुरवितो, आणि रुग्णाचा जुळत आलेला शब्द विस्कटतो. आम्हांला हे साधण्यास दीड महिना लागला.

दुसरा धडा 'हो' आणि 'नाही' यांचा. रुग्णाच्या होकारावर विश्वास ठेवण्यापूर्वी ज्याचे उत्तर आपणांस ठाऊक आहे असा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा. "हे तुमचे थोरले चिरंजीव ना?" आणि थोड्या वेळाने, "हे तुमचे जावई ना?" दोन्हींना 'बरं बरं' आले तर त्या होकारावर कोणताही कागद पुढे करू नये. किती घरांत इस्टटीचे तंटे केवळ या एका चाचणीच्या अभावी माजले असतील!

तिसरा धडा आरतीचा. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही असा माणूस वार, आकडे, पावकी-निमकी, गणपतीची आरती, रामरक्षा घडाघडा म्हणतो. घरच्यांना हर्ष होतो; ते शेजाऱ्यांना बोलावून ऐकवितात. पाठ असलेले आणि योजून बोललेले हे मेंदूचे दोन वेगळे व्यवहार आहेत, हे त्यांचा आनंद न मोडता सांगावे लागते. सुराचा उपयोग करून बोलण्याकडे नेण्याची एक पद्धत बोस्टनमध्ये १९७३ च्या सुमारास पुढे आली, आणि निवडक रुग्णांना तिचा लाभ होतो. पण बाई म्हणत, आरती हे दार असेल किंवा भिंतही असेल. ढकलून पाहिल्याविना सांगू नका.

आणि चौथा धडा, ज्यावर त्या सर्वांत अधिक रागावत. नवशिक्यांना चित्रे लागतात, म्हणून ते मुलांची अंकलिपी उघडतात. ज्याने तीस वर्षे तापलेले रूळ ओढून काढले त्याच्यापुढे 'अननस' आणि 'आगगाडी' धरावयाची, आणि वर "शाब्बास आजोबा!" म्हणावयाचे. माणूस मान फिरवितो, आणि वहीत लिहिले जाते, 'सहकार्य करीत नाही'. बाईंनी आम्हांला एका बँक कारकुनासाठी कोरे चलन आणि पासबुक आणावयास लावले होते. ते हाती येताच त्या गृहस्थांनी चश्मा मागितला, अर्थात खुणेने.

कंपवाताने बारीक झालेला आवाज, अपघातात डोक्याला मार लागलेले तरुण, स्मृतिभ्रंश, हळूहळू स्नायू निकामी करणारे विकार, यांचेही त्या वर्षात शिक्षण मिळाले. प्रत्येकाचे शास्त्र निराळे आहे; आज त्यात शिरत नाही. पण घरच्यांशी कसे बोलावे, हे सर्वांना समान होते. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते आणि नंतर मंदावते, हे खरे. ती थांबते, हे खोटे. वर्षांनंतरही योग्य सरावाने फरक पडलेला आम्ही पाहिला आहे. 'आशा थोडी' असा शेरा लिहिणाऱ्या मुलीला हे आकडे ठाऊक असतील, पण हे वाक्य कोणासमोर, कोणत्या दिवशी आणि किती अर्धे सांगावे, हे तिला कोणी करून दाखविले नव्हते.

भिलाईत असे उमेदवारीचे वर्ष का असू नये? सेक्टर ९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय येथे आहे, शेजारी रायपूरला २०१२ पासून एम्स आहे. नागपूर एका गाडीच्या अंतरावर. मार्गदर्शक रोज येथे नसला तरी आता चित्रदूरध्वनीवरून तो रुग्णाशेजारी बसलेल्या नवशिक्याला पाहू शकतो. आणि भाषांच्या बाबतीत भिलाईसारखी शाळा कोठे मिळणार? एका रस्त्यावर मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, ओडिया, छत्तीसगढी आणि आपण. येथे एक वर्ष काढलेली वाचोपचारतज्ज्ञ पुढे कोठेही गेली तरी अर्जावरच्या एका शब्दावरून रुग्णाची भाषा ठरविणार नाही.

हे संस्थांनी करावयाचे काम आहे. मंडळाच्या हाती ते नाही. मंडळाच्या हाती जे आहे तेवढेच मागावयास आम्ही आलो आहोत. टोरांटो शहरात १९७९ मध्ये पॅट अराटो या बाईंनी, ज्यांच्या पतीला वाचाघात झाला होता, एक केंद्र सुरू केले. पुढे ऑरा केगन यांनी तेथे साध्या नागरिकांना वाचाघाती माणसाशी संभाषण कसे करावे याचे रीतसर शिक्षण देण्याची पद्धत बसविली. कागद, पेन, खुणा, चित्रे, आणि भरपूर वेळ एवढीच साधने. नवशिक्या तज्ज्ञांनाही तेथे शिकावयास मिळते, कारण खरे संभाषण तेथे घडत असते.

आपल्याला तीन गोष्टी करता येतील. मंडळाच्या मागील खोलीत आठवड्यातून एक दुपार मराठी बोलणाऱ्या वाचाघाती माणसांसाठी राखून ठेवता येईल. आपल्या जीवनातल्या वस्तूंची छायाचित्रे जमविता येतील : सेक्टरमधले क्वार्टर, मैत्रीबागेचे फाटक, सिव्हिक सेंटर, हेल्मेट, गेटपास, पोळपाट, खलबत्ता, मोदकाचा साचा. आणि तिसरी गोष्ट आम्हांस आज सकाळी मंडळाचे कपाट पाहताना सुचली. पन्नास वर्षांच्या नाटकांच्या आणि भाषणांच्या कितीएक ध्वनिफिती त्यात आहेत. उद्या यांपैकी कोणी आजारी पडले, तर तो पूर्वी कसा बोलत असे, "जाऊन राहिलो" म्हणे की "जात आहे", याचा पुरावा जगात अन्यत्र कोठेही मिळणार नाही. त्या फिती बुरशी येण्यापूर्वी उतरवून घ्याव्यात, नावानिशी.

आमचे रेल मिलचे गृहस्थ पुढे वऱ्हाडीतून सुरुवात करून पन्नाससाठ शब्दांपर्यंत आले. हिंदी मागाहून, थोडी आली. 'बरं बरं' गेले नाही. पण त्याच्या आधी ते आता मान हलवितात, आणि ती हालचाल भरवशाची आहे.

दुपारच्या बैठकीला बसण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत. शिक्षणाची अट नाही. वऱ्हाडी, नागपुरी, कोकणी ढंगाची मराठी बोलणारे अधिक हवेत. फक्त नाव देण्यापूर्वी घरी एकदा कोणाला तरी प्रश्न विचारून दहा आकडे मोजून पाहावेत.